खोक्यावरचे वॉट आणि दारातला आवाज: कमी पैशांत गाडीचं म्युझिक सुधारताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा सेस जाऊन १८ टक्के कर लागू झाला. आल्टो, वॅगन आर, टियागो या वर्गातली गाडी एकदम आवाक्यात आल्यासारखी वाटायला लागली. पण हिशोब घट्ट असला की माणूस खालचं किंवा मधलं मॉडेल घेतो, आणि अशा मॉडेलमध्ये कंपनी जिथे हात आखडता घेते त्यातली एक जागा म्हणजे म्युझिक. कुठे दोनच स्पीकर, कुठे नुसतं वायरिंग टाकून जागा रिकामी. पेढे वाटून झाले, गाडी घेऊन पहिल्यांदा गावाला निघालं की लक्षात येतं: आवाज कमी ठेवला तर टायरच्या घरघरीत गाण्याचे शब्द हरवतात, वाढवला तर आवाज फाटतो, आणि दाराचं प्लास्टिक मध्येच खडखडायला लागतं.

मग पाय ॲक्सेसरीच्या दुकानाकडे वळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कालिन्याचा सीएसटी रोड, नाहीतर आपल्याच तालुक्याच्या गावातलं एखादं कार डेकोर. भिंतभर खोकी, कुणावर ३०० वॉट, कुणावर ५००, कुणावर चक्क १०००. दुकानदार सांगतो, "साहेब, ही बेस ट्यूब टाका, काचा हलतील." काचा हलतात, त्यात खोटं काही नाही. गाणं ऐकू येतं का, हा प्रश्न वेगळा.

पाच ते पंधरा हजारांत काय साधतं, काय साधत नाही आणि पैसे कुठल्या क्रमाने घालायचे, एवढंच इथे समजून घेऊ. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजके असतील तर ते डिकीत किंवा डॅशबोर्डवर घालू नका, पुढच्या दोन दारांत घाला. का, ते हळूहळू कळेल.

## कंपनी असे स्पीकर का देते

स्पीकर ही तशी साधी वस्तू आहे. कागदाचा किंवा प्लास्टिकचा एक शंकू, त्याच्या मागे तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याभोवती चुंबक. तारेतून गाण्याची वीज आली की वेटोळं पुढेमागे हलतं, शंकू त्याच्याबरोबर हलतो आणि हवा ढकलली जाते. ती ढकललेली हवा म्हणजेच आवाज.

स्वस्त गाडीच्या दारातून काढलेला कंपनीचा स्पीकर हातात घेऊन बघा. प्लास्टिकची फ्रेम, पातळ कागदी शंकू, पाठीमागे छोटंसं चुंबक. बाजारातला साधा साडेसहा इंची स्पीकर दुसऱ्या हातात घेतला की वजनातच फरक कळतो. यात कंपनीने फसवलं असं नाही. लाखो गाड्या बनवताना एका स्पीकरमागे वाचलेले शंभर रुपयेही मोठी रक्कम होते. शिवाय चांगला आवाज हे वरचं मॉडेल गळ्यात मारायचं साधनही आहे. आय२० च्या वरच्या मॉडेलला बोस, एक्सयूव्ही ३एक्सओच्या वरच्या मॉडेलला हरमन कार्डन, ही नावं ब्रोशरमध्ये ठळक छापली जातात ती उगाच नाही. मारुतीच्या काही गाड्यांवर दिसणारं 'अर्कामिस' हे मात्र स्पीकरचं नाव नव्हे. ही फ्रेंच कंपनी आवाज जुळवण्याचं सॉफ्टवेअर देते.

एक सावधगिरी इथेच. तुमच्या गाडीत असं नाव असलेली वरच्या मॉडेलची सिस्टीम असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. अशा काही सिस्टीममध्ये नेहमीच्या ४ ओहमऐवजी २ ओहमचे स्पीकर (ओहम म्हणजे काय ते पुढे येतंच) आणि त्यांच्यासाठीच जुळवलेला ॲम्प्लिफायर, म्हणजे गाण्याच्या विजेची ताकद वाढवणारा डबा, असतो. त्यातला एकच भाग बदलला की सुधारण्याऐवजी बिघडतं.

## '५० वॉट गुणिले ४' येतं कुठून

टेपच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीमच्या, खोक्यावर बहुतेक वेळा हेच लिहिलेलं असतं, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट. हा आकडा निव्वळ थाप नाही, त्यामागे शाळेतलं गणित आहे.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तोच दाब १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. स्पीकर विजेला किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात आणि गाडीचे बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. ताकद काढायची तर व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं. १४.४ चा वर्ग साधारण २०७, त्याला ४ ने भागलं की ५२. झाले आपले ५० वॉट!

पण हे केव्हा? टेपच्या आतली चिप बॅटरीचा सगळाच्या सगळा दाब एकसारखा स्पीकरवर टाकत राहिली तर. तसं झालं की गाण्याच्या गोलसर लाटेचं वरचं आणि खालचं टोक छाटलं जातं आणि ती चौकोनी होते. 'आवाज फाटला' असं आपण म्हणतो ते नेमकं हेच. म्हणजे खोक्यावरचा आकडा आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेतला आहे.

लाट न छाटता हवी असेल तर त्याच १४.४ व्होल्टमधून कागदावर निम्मे, २६ वॉट मिळतात. चिपमध्ये वाया जाणारं सोडलं तर हाती येतात १५ ते २० वॉट. न फाटता सतत देता येणाऱ्या या ताकदीला आरएमएस वॉट म्हणतात. यापुढे मी वॉट म्हणेन ते हेच. टीडीए ७३८८ नावाची चिप गाड्यांच्या टेपमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेली. तिच्या माहितीपत्रकातही वर ठळक ४५ वॉट आहेत आणि खाली २६ वॉटच्या आसपासचा आकडा, तोही आवाजात १० टक्के बिघाड धरून.

थोडक्यात, वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर टेप स्वस्तातला असो वा महागातला, एका स्पीकरला मिळणारी चांगली ताकद जवळपास सारखीच, वीस वॉटच्या आत.

## मग ५०० वॉटचा स्पीकर घेतला तर बिघडलं कुठे

स्पीकर वॉट तयार करत नाही, सहन करतो. खोक्यावरचे ५०० वॉट म्हणजे क्षणभर एवढी ताकद आली तरी हा जळणार नाही असा कंपनीचा दावा. आपल्याकडे वीसच वॉट असताना त्या सहनशक्तीचा उपयोग काय? उलट जास्त ताकद झेलायला बनवलेल्या स्पीकरचा शंकू आणि वेटोळं बऱ्याचदा जड असतं आणि वीस वॉटवर ते जेमतेम हलतं. मग नवे स्पीकर टाकूनही 'आधीचेच बरे होते' असं वाटतं.

बघायचा आकडा दुसराच आहे. स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज काढतो, ती त्याची संवेदनशीलता. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असते. हा आकडा ३ ने वाढला की तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जिथे २० वॉट लागतात तिथे ९० च्या स्पीकरला १० पुरतात. टेप न बदलता, ॲम्प्लिफायर न घेता, नुसत्या निवडीतून मिळालेली ही दुप्पट ताकद आहे.

आपल्या कानाचंही गणित सरळ नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. 'दुप्पट मोठा' वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. म्हणून २० वॉटचे ४० करण्यात पैसे घालणं हा कमी बजेटवाल्याचा धंदा नव्हे.

दुकानात विचारायचं ते एवढंच: ४ ओहम, ४० ते ६० वॉट आरएमएस, संवेदनशीलता ९० किंवा त्याहून जास्त. आणि खोकं उघडून स्पीकर हातात घ्यायचा. नामांकित ब्रँडची नक्कल बाजारात भरपूर आहे. पक्कं बिल द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर पुढचं दुकान बघावं.

## आधी एक रुपया न घालवता

दुकानात जाण्यापूर्वी गाडीत बसून पंधरा मिनिटं काढा. बऱ्याच गाड्यांमध्ये बेस पूर्ण वर आणि लाउडनेस चालू करून ठेवलेला असतो. बेस ६ डेसिबलने वाढवणं म्हणजे त्या जाड सुरांसाठी चौपट ताकद मागणं. वीस वॉट तिथेच संपतात, आवाज फाटतो आणि दोष स्पीकरला लागतो. सगळं शून्यावर आणा. बेस हवा असेल तर बेस वाढवण्याऐवजी मधले सूर एक-दोन घरं कमी करून बघा.

मग पुढे-मागेचा तोल, ज्याला सेटिंगमध्ये फेडर म्हणतात, तो दोन घरं पुढे सरकवा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर डाव्यापेक्षा साधारण अर्धा मीटर जवळ असतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवा आवाज कानात जेमतेम दीड मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढ्यानेही गायिका समोर नसून आपल्या उजव्या गुडघ्यापाशी बसून गाते आहे असं वाटतं. डाव्या-उजव्याचा तोल एक-दोन घरं डावीकडे सरकवला की ती बरीचशी मध्ये येते. टेपमध्ये 'टाइम अलाइनमेंट', म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायची सोय, असेल तर तेच काम नीट होतं, शेजारी कुणी बसलं असेल तर मात्र त्याला उलटं ऐकू येतं.

गाणं कुठून येतंय तेही बघा. व्हॉट्सॲपवर दहा हात फिरून आलेली किंवा व्हिडिओवरून उतरवलेली गाणी आधीच कातरलेली असतात. ॲपमधला दर्जा 'हाय' करा, पेन ड्राइव्ह असेल तर ३२० केबीपीएसच्या फाइल घाला. ब्लूटूथवर ऐकताना बहुतेक फोनमध्ये आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त टेपवर करावा. आणि टायरमधली हवा तपासा. कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरलेली असेल तर रस्त्याचा दणका आणि घरघर दोन्ही वाढतात. हमरस्त्यावर छोट्या गाडीत सहज ७० डेसिबलच्या आसपास घरघर असते आणि ती नेमकी जाड सुरांच्याच पट्ट्यातली असल्यामुळे बेस गिळून टाकते. पार्किंगमध्ये छान वाटलेला बेस समृद्धी महामार्गावर गायब होतो तो यामुळे.

एवढं करून कुणाचं समाधान झालं तर त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

## दार हाच स्पीकरचा डबा

डग्ग्याचं भांडं काढून घेतलं आणि नुसती पुडी ताणून धरून वाजवली तर? चामडं तेच, हात तोच, पण घुमारा गेला. स्पीकरचं अगदी तसंच आहे. शंकू पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. या दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक सुरांना त्याचं फारसं काही वाटत नाही. जाड सुरांच्या लाटा मात्र अवाढव्य असतात. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळा थरथरणाऱ्या, सुराची एक लाट जवळजवळ सात मीटर, गाडीपेक्षाही लांब! ती कुठल्याही फटीतून वळसा घालून मागे जाते. म्हणून पुढची हवा आणि मागची हवा वेगळी ठेवायला डबा लागतो. घरातल्या स्पीकरला लाकडी खोकं असतं. गाडीत ते काम दाराने करायचं असतं, आणि दार ते काम वाईट करतं.

किती वाईट ते डोअर पॅड उघडल्यावर दिसतं. हँडलच्या वाटीत लपलेला एक स्क्रू, दार उघडायच्या खिट्टीमागे एक, मग कडेच्या क्लिपा टकटक निघतात आणि पॅड हातात येतो. मागे दुधी प्लास्टिकचा पातळ कागद, काळ्या चिकट पट्टीने डकवलेला. तो सोडवला की आतल्या पत्र्यात आख्खा पंजा जाईल अशी भोकं, त्यातून काच वरखाली करणारी यंत्रणा आणि पलीकडे बाहेरच्या पत्र्यावर पाण्याचे सुकलेले ओघळ. त्या बाहेरच्या पत्र्यावर टिचकी मारा. टण्ण आवाज येतो आणि थोडा वेळ रेंगाळतो. दर ठेक्याला तुमचा स्पीकर हेच वाजवत असतो.

यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट. एका अंगाला ॲल्युमिनियमची फॉइल, दुसऱ्या अंगाला चिकट ब्युटाइल रबर. पत्रा स्वच्छ पुसून ती लावायची आणि छोट्या रोलरने दाबून बसवायची. पत्र्याची थरथर रबरात जिरते. सगळा पत्रा झाकायची मुळीच गरज नाही, आणि दुकानदार 'पूर्ण गाडी करून घ्या' म्हणाला तरी ऐकू नका. स्पीकरच्या बरोब्बर मागे एक तुकडा आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या सैल भागावर दोन-तीन, एवढं पुरतं. पुन्हा टिचकी मारली की टण्णऐवजी ठप्प येतं. आतल्या पत्र्याची मोठी भोकंही अशाच शीटने बुजवली की दार खऱ्या अर्थाने डबा व्हायला लागतं. फक्त डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती पाघळते आणि वास सुटतो तो वेगळाच.

पुढची पायरी रिंगची. नवा स्पीकर दाराच्या भोकावर हलता-डुलता बसला तर वरची सगळी मेहनत फुकट. मधे प्लास्टिकची, पीव्हीसीची किंवा पाण्यात टिकणाऱ्या प्लायची रिंग घालून तो घट्ट आवळायचा. साध्या एमडीएफची रिंग दुकानात हमखास पुढे करतात. एका पावसाळ्यात ती फुगते आणि स्क्रू सुटतात. स्पीकरच्या पुढच्या कडेला फोमची पट्टी लावली की आवाज डोअर पॅडच्या मागे न शिरता जाळीतून बाहेर येतो. ही पट्टी क्षुल्लक किमतीत मिळते आणि फिटर ती हमखास विसरतो.

शेवटचं, आणि याला पैसेच लागत नाहीत. दोन्ही स्पीकरची अधिक-उणे जोडणी सारखीच असली पाहिजे. एक उलटा जोडला गेला तर डावा शंकू पुढे जाताना उजवा मागे जातो, बेस मरतो आणि आवाज कुठून येतो तेच कळत नाही. तपासायला भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल पुरतो. टेपकडचा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, काढून स्पीकरच्या दोन तारांना सेल क्षणभर टेकवायचा. सेलचं अधिक स्पीकरच्या अधिकाला लागलं असेल तर शंकू टचकन बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो.

याच कामात फिटर 'जाड वायर टाकूया' म्हणेल. नको म्हणा. वीस वॉटला ४ ओहमच्या स्पीकरमधून सव्वादोन अँपियरच्या आसपास वीज जाते. कंपनीची बारीक दिसणारी वायर तेवढं सहज वाहते.

## पावसात दार सडणार नाही का

शंका रास्त आहे. काचेवरून ओघळणारं पाणी काही प्रमाणात दारात जातंच आणि तळाच्या छोट्या भोकांमधून बाहेर पडतं. ती भोकं शीटने बुजली तर दार आतून गंजणार, कोकणात आणि गोव्यात तर फारच लवकर. म्हणून शीट तळाच्या दोन-तीन इंचांत लावायचीच नाही. आतल्या पत्र्याची मोठी भोकं शीटने बुजवली नसतील तर तो दुधी प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवून घ्यावा. नाहीतर पाणी पॅडवरून उतरून पायाखालची मॅट ओली करतं आणि गळती कुठून होते तेच सापडत नाही.

## मागचे स्पीकर राहिलेच की

राहू द्या. मागे आहेत ते तसेच चालू ठेवा, नसतील तर टाकू नका. गाणाऱ्याला आपण समोर बसवून ऐकतो, पाठीमागून ऐकत नाही. दोन हजारांचे चार स्पीकर घेण्यापेक्षा चार हजारांचे दोन केव्हाही बरे.

मागच्या ट्रेमध्ये भोकं पाडून ६ बाय ९ इंची लंबगोल स्पीकर बसवायची आपल्याकडे जुनी हौस आहे. सेडान गाडीत तो ट्रे पत्र्याचा असतो आणि खाली डिकीचा बंद डबा मिळतो, म्हणून तिथे ते जमतं. हॅचबॅकचा ट्रे म्हणजे दोरीने टांगलेला पुठ्ठा. तो थरथरतो, डबा होतच नाही, आणि जोरात ब्रेक लागला तर ती चुंबकांची वजनं मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यामागे असतात.

## पण मला बेस हवाय

दार नीट केल्यावर ढोलकी, तबला, बास गिटार यांना पुरेल एवढा बेस मिळतो. छातीवर जाणवणारा ठेका हवा असेल तर मात्र वेगळा सबवूफर लागतो, म्हणजे फक्त जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर. दुकानात सगळ्यात आधी दाखवतात ती बेस ट्यूब. स्वस्तातल्या बहुतेक ट्यूब एकाच सुरापाशी जोरात घुमतात, त्यामुळे कुठलंही गाणं लावा, खालून तोच एक 'ढुम्म' ऐकू येतो. शिवाय अर्धी डिकी जाते. कुटुंबाच्या गाडीसाठी मी सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर सुचवेन. त्याचा ॲम्प्लिफायर आतच असतो आणि कंपनीच्या टेपला वेगळी पिन नसली तरी स्पीकरच्या तारांवरूनच तो सिग्नल घेतो. घेण्यापूर्वी सीटखालची उंची मोजपट्टीने मोजा, सीट पुढे-मागे सरकवून. काही गाड्यांमध्ये तिथे एसीची नळी असते.

सबला वीज थेट बॅटरीवरून द्यावी लागते, आणि या लेखात जीवाशी गाठ असलेली जागा हीच आहे. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. बॉनेटमधून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या धारेवर घासली आणि तिचं आवरण फाटलं तर ती सरळ गाडीच्या पत्र्याला लागते. फ्यूज नसेल तर वायर लाल होऊन जळते. फ्यूज सबजवळ बसवला असेल तर या अपघातात त्याचा शून्य उपयोग. वायर रबरी बुशातूनच आत आली पाहिजे, आणि तांब्याचीच हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तांब्याच्या भावात खपवतात. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली की समजायचं.

सब बसला की त्याची वरची मर्यादा, म्हणजे ज्याच्या वरचे सूर त्याने वाजवायचे नाहीत ती, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि आवाज इतका कमी, की बंद केल्यावरच तो होता हे कळावं. दुकानदाराला हे पटणार नाही.

## मोठी स्क्रीन बसवली तर आवाज सुधारेल ना

क्वचितच. ॲम्प्लिफायर नसेल तर स्क्रीनमागे त्याच जातीची चिप आणि तेच वीस वॉट. गाडीत टेपच नसेल तर तो घ्यावाच लागेल, तेव्हा नामांकित कंपनीचा साधा टेप घ्या. कंपनीचा टेप रिव्हर्स कॅमेऱ्याला आणि स्टिअरिंगवरच्या बटणांना जोडलेला असेल तर त्याला हातच लावू नका.

## वॉरंटी जाईल का, बॅटरी उतरेल का

वॉरंटीचा खरा प्रश्न वायर कापण्याचा आहे. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. त्याने स्पीकर एक वायरही न कापता लागतो आणि उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात. जुने फेकू नका. फिटरने कात्री काढली की 'कपलर लाव' म्हणायचं, नसेल तर उठायचं. सबसाठी स्पीकरच्या तारांवर जोड घ्यावा लागतो. तोही कपलरच्या तारेवर घ्या, गाडीच्या तारेवर नको.

नुसते स्पीकर बदलल्याने बॅटरीवर नवा भार येत नाही, ताकद टेपच देतो. सब असेल तर इंजिन बंद ठेवून तासन्‌तास वाजवू नका. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांच्या आसपास असते, तीन-चार तास दहा अँपियर खेचले की ती संपली, आणि स्टार्टर त्याच्या आधीच मान टाकतो.

'चौकात ऐकू गेलं पाहिजे' ही हौस असेल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम माहीत असावेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मागच्या ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू यावा, ही मर्यादा नियमाबाहेरची.

## पैशांची वाटणी

भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, हे धरून ढोबळ आकडे. पाच-सहा हजार असतील तर पुढच्या दारांसाठी कोॲक्सियल स्पीकरची जोडी, ज्यात मोठ्या शंकूच्या मधोमधच बारीक सुरांचा छोटा ट्वीटर असतो, दोन ते तीन हजारांत. हजार-दीड हजारांची डॅम्पिंग शीट आणि उरलेल्यात रिंग, कपलर, फोम, मजुरी. माझ्या मते ऐकू येणारा फरक आणि खर्च यांचा सगळ्यात चांगला मेळ इथेच बसतो.

आठ-दहा हजार असतील तर कोॲक्सियलऐवजी कंपोनंट घेता येतात, म्हणजे ट्वीटर वेगळा, आरशाजवळच्या खांबावर. आवाज पायापासून उठून डॅशबोर्डवर येतो. पण शीटचे पैसे कापून कंपोनंट घेऊ नका. पंधरा हजारांपर्यंत जाणार असाल तर पहिली पाच-सहा हजारांची पायरी जशीच्या तशी आणि वर सीटखालचा सब. चार चॅनलचा वेगळा ॲम्प्लिफायर हा त्याच्याही पुढचा विषय. वायरिंगसह तो सहज आठ-दहा हजार खातो आणि दार कच्चं असेल तर फक्त खडखड वाढवतो. सगळं एकदम करू नका. एक पायरी झाली की महिनाभर ऐका. पुष्कळदा पुढच्या पायरीची गरज उरत नाही.

## दुकानातून निघण्याआधी

गाडी तिथेच उभी असताना ओळखीचं एक गाणं लावा, ज्यात माणसाचा आवाज स्पष्ट आहे. तोल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे नेऊन दोन्ही दारं वेगवेगळी ऐका. मग तोल मध्ये आणा. मध्ये आणल्यावर बेस वाढायला हवा. कमी झाला तर एक स्पीकर उलटा जोडलाय, पॅड पुन्हा उघडायला लावा. आवाज हळूहळू वाढवत न्या, फाटायला लागेल तो आकडा लक्षात ठेवा आणि एरवी त्याच्या दोन-तीन घरं खालीच राहा. ट्वीटर जळतात ते बहुतेक वेळा अशा फाटलेल्या आवाजाने.

आणि दोन्ही काचा पूर्ण खाली करून बघा, अगदी शेवटपर्यंत. नव्या स्पीकरचं चुंबक जुन्यापेक्षा खोल असतं आणि काही दारांमध्ये काच खाली येऊन त्याला टेकते. काचा वर असताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, टोलनाक्यावर काच खाली करताना येतं. टेकत असेल तर जास्त जाड रिंग घालून स्पीकर बाहेर घ्यावा लागतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण दुकानाच्या दारातच करून घ्यायचं.